तिसरी हरकत

तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. खुर्चीवर सलग दहा मिनिटं बसायची वेळ आली की तिचा जीव घुसमटायचा. प्रयोग चालू असला की ती टेबलाभोवती फेऱ्या मारायची, वाचायचं असलं की जिन्यात उभी राहून वाचायची. रसायन अभियांत्रिकी विभागात पीएचडीला आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी शिपायाने तिला विचारलं होतं, "ताई, काही हरवलंय का तुमचं?"

या विभागात दर गुरुवारी तीन वाजता सेमिनार असतो. पीएचडी संपवणाऱ्याने सगळ्यांसमोर उभं राहून आपलं काम सांगायचं, आणि ते पार पडल्याशिवाय प्रबंध पुढे सरकायचा नाही. इथवर जगात सगळीकडे असतं तसंच. इथली खोड वेगळी. इथे बोलणाऱ्यासमोर एक हरकतदार बसवतात. डब्यातून चिठ्ठी काढून विद्यार्थ्यांपैकीच एकाला नेमायचं. त्याने बोलणाऱ्याच्या प्रयोगवह्या दोन दिवस आधी ताब्यात घ्यायच्या, वाचायच्या, आणि सेमिनारमध्ये उठून निदान तीन हरकती घ्यायच्या. तिन्हींची उत्तरं पटली की नोंदवहीत 'हरकत नाही' असं लिहून सही करायची. ती सही नसेल तर प्रबंध कार्यालयाच्या खिडकीतूनच परत. ज्याने ही पद्धत घातली तो निवृत्त होऊन सुटला, पोरं मात्र अडकली.

पण पोरं काय कमी असतात? आज मी तुझा हरकतदार, उद्या तू माझा. कोण कशाला कोणाचा गळा धरतोय! आधी दोघांनी चहाला बसायचं, तीन हरकती आणि तीन उत्तरं ठरवून टाकायची. गुरुवारी एकाने भुवया चढवून विचारायचं, दुसऱ्याने क्षणभर विचारात पडल्यासारखं करून सांगायचं. निव्वळ नुरा कुस्ती. प्राध्यापकांनाही हे ठाऊक होतं, कारण आपापल्या काळात तेही याच आखाड्यात लोळलेले होते.

तर या गुरुवारी बोलणार होते आजोबा, आणि चिठ्ठी निघाली होती भिंगरीच्या नावाची.

आजोबा वयाने बत्तीस वर्षांचे. पीएचडीला सात वर्षं झाली, कानशिलं पांढरी झाली, तशी प्रयोगशाळेतली पोरं गमतीने आजोबा म्हणायला लागली, अहोजाहो करायला लागली, आणि ते तसंच चिकटलं. भिंगरीला वायूच्या सिलिंडरची चावी कशी फिरवायची इथपासून दोघांच्या गाइड असलेल्या मॅडमच्या रागाला कसं तोंड द्यायचं इथपर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं. पहिल्या वर्षी भट्टीच्या कडेला तिचा हात भाजला, तेव्हा चालू प्रयोग तसाच टाकून हेच तिला दवाखान्यात घेऊन गेले होते. तो प्रयोग त्यांना पहिल्यापासून करावा लागला, पण त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

त्यांचं काम सांगायला सोपं. एक बारीक नळी, तिच्यात त्यांनी बनवलेली पांढरी पावडर. एका टोकाने कार्बन डायऑक्साइड सोडायचा. पावडर तो वायू शोषून घेते, आणि पोट भरलं की दुसऱ्या टोकाने वायू बाहेर पडायला लागतो. तोवर किती वायू आत गेला ते मीटर सांगतो. लोकांच्या पावडरी किलोला एकशे चाळीस ग्रॅम वायू शोषायच्या, आजोबांची एकशे ऐंशी. या चाळीस ग्रॅमांवर त्यांना एका मोठ्या कारखान्याच्या संशोधन विभागात नोकरी मिळाली होती. अट एकच, महिनाअखेर प्रबंध दाखल झाल्याचं पत्र हवं. बायको आणि पाच वर्षांची मुलगी पुढे त्या गावी गेल्या होत्या, मुलीची शाळाही सुरू झाली होती. इथलं घर सोडून आजोबा एक बॅग घेऊन हॉस्टेलात मित्राच्या खोलीवर गादी टाकून होते.

तीन हरकती मंगळवारीच ठरल्या होत्या. पहिली, पावडर ओली झाली तर काय. दुसरी, पन्नास वेळा वापरली तर काय. तिसरी, खर्च परवडेल का. उत्तरं आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहून दिली होती. भिंगरीने फक्त वाचायचं होतं.

पण स्वस्थ बसेल ती भिंगरी कसली! गुरुवारी सकाळी तिला वाटलं, तीनच्या जोडीला एखादी खरीखुरी हरकत काढावी. आजोबा थक्क होतील, म्हणतील पोरगी तयार झाली. म्हणून नऊ वाजता प्रयोगशाळेत येऊन तिने वह्यांतले आकडे सिलिंडरच्या रजिस्टरशी ताडून पाहायला घेतले. एका सिलिंडरमध्ये तीस किलो वायू येतो. आणला कधी, संपला कधी, ते रजिस्टरमध्ये असतं. त्या दोन तारखांमधल्या सगळ्या प्रयोगांचा वायू तिने वहीतून बेरीज करून काढला. एकोणचाळीस किलो आला.

तिने पुन्हा बेरीज केली. एकोणचाळीसच.

तीस किलोच्या सिलिंडरमधून एकोणचाळीस किलो वायू? थोडाफार गळतीत जातो, म्हणजे बेरीज तिसाच्या आतच यायला हवी. तिने दुसरा सिलिंडर घेतला, तिसरा घेतला. तिथेही तेच. हसावं की रडावं कळेना. मीटर जास्त दाखवत होता, दुसरं काय! कोणत्या गाढवाने तपासला हा मीटर, म्हणत ती उठली आणि मीटरवरचा कागद वाचायला वाकली.

'तपासला. अचूक.' खाली तारीख, दोन वर्षांपूर्वीची. आणि सही तिची.

मग सगळं आठवलं. नवी होती ती तेव्हा. मॅडमनी मीटर तपासायचं काम दिलं होतं. त्या आठवड्यात कार्बन डायऑक्साइड संपलेला होता, म्हणून तिने नायट्रोजन लावून मीटर तपासला. बरोबर आला. दुसऱ्या वायूवर नंतर बघू, म्हणून वहीत 'वायू: नायट्रोजन' असं लिहिलं, मीटरवर मात्र नुसतं 'अचूक' चिकटवलं आणि पुढच्या कामाला पळाली. हे मीटर वायूगणिक वेगळं दाखवतात, हे विभागातल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. तो 'नंतर' दोन वर्षांत उगवला नाही. बाकी सगळे त्या मीटरवर नायट्रोजनच वापरायचे. तिचं स्वतःचं काम तर द्रवांवरचं, तिला मीटरची गरजच नव्हती. नासलं ते एकट्या आजोबांचं.

कागदावर हिशेब करायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एकशे ऐंशीचे झाले एकशे तेहतीस. म्हणजे लोकांच्या पावडरींपेक्षाही कमी. घड्याळात दहा वाजले होते.

"भिंगरे, चल, चहा!" दारातून आजोबांची हाक आली.

कॅन्टीनमध्ये आजोबा अगदी खुशीत होते. नवा शर्ट, नवी कंगव्याची रेघ. "सात वर्षांत पहिल्यांदा झोप लागली बघ काल," म्हणाले. मग फोन पुढे केला. फोटोत त्यांची मुलगी, मोठ्ठ्या दप्तराखाली वाकलेली, पुढचे दोन दात पडलेले. "हे बघ, विचारते कशी, बाबा, तुझी शाळा कधी संपणार? माझी तर सुरू पण झाली."

भिंगरी हसली. आता सांगावं, असं चार वेळा तिच्या ओठांवर आलं. "आजोबा, तो मीटर आहे ना..." इतकं एकदा म्हणालीसुद्धा.

"मीटरचं काय?"

"नाही, म्हणजे... त्याची वायर सैल झालीय."

"राहू दे. आता तुमचा मीटर आणि तुम्ही. मी सुटलो!" आजोबा हसले आणि तिच्या बशीतलं बिस्किट उचलून खाल्लं.

ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा. बाहेर आल्यावर तिने स्वतःला शिव्या घातल्या, सायकल स्टँडला दोन चकरा मारल्या आणि मावशीला फोन लावला. ती मावशीकडेच राहायची. मावशी दवाखान्यात सिस्टर, सव्वीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली. तिच्यापुढे रडारड चालायची नाही.

"थोडक्यात सांग, मला राउंड आहे," मावशी म्हणाली. भिंगरीने एका दमात सगळं ओकलं.

"त्याला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग मला काय सांगतेस, बये? आमच्याकडे चुकीचं औषध गेलं की आधी सांगायचं, मग रडायचं. उलटं केलं की माणूस जातो. फोन ठेव आणि चालू पड."

ती निघालीही. पण वाटेत मनाने दगा दिला. समजा, माझीच बेरीज चुकली असेल तर? उगाच माणसाला ऐन वेळी हादरवायचं? आधी खात्री करू, मग सांगू. पळवाटा काढायला मन भारी हुशार असतं. ती प्रयोगशाळेत परतली, सिलिंडर जोडला, काचेची नळी साबणाच्या पाण्याने ओली केली. नळीत एक बुडबुडा सोडायचा, वायू त्याला वर ढकलतो, एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचं. यात फसवाफसवी होत नाही. मीटर म्हणाला शंभर, बुडबुडा म्हणाला चौऱ्याहत्तर. तिने दहा वेळा मोजलं. दहाही वेळा ती मनात म्हणत होती, लवकर चढ रे, लवकर चढ, म्हणजे मीटर खरा ठरेल. बुडबुड्याला काय घेणंदेणं! तो आपल्या चालीने चढला.

एक वाजता ती मॅडमच्या खोलीशी गेली. दार अर्धं उघडं होतं. आजोबा आत उभे राहून सराव करत होते आणि मॅडम, ज्या कधी कुणाला बरं म्हणत नाहीत त्या मॅडम, म्हणत होत्या, "छान. इथे जरा थांबून बोल. हा आकडा लोकांना दिसू दे." आकडा एकशे ऐंशीचा होता. भिंगरीने दारावर ठोठावायला हात उचलला.

"काय गं?" मॅडमनी पाहिलं.

"काही नाही. ऑल द बेस्ट म्हणायला आले."

पुन्हा जिना, पुन्हा सायकल स्टँड. दोन वाजता तिने आजोबांना फोन लावला, तो बंद होता. सेमिनारआधी ते फोन बंद ठेवतात हे तिला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच तिने लावला, हेही तिला कळत होतं. सही करून टाकली तर? कोणाला कळणार होतं? आजोबा नोकरीवर जातील, पोरगी बापाला मिठी मारेल, पावडर कपाटात पडून राहील. मग कारखानेवाले एक दिवस पावडर नळीत भरतील, त्यांच्या मीटरवर एकशे तेहतीस येईल, आणि आजोबांना खोटारडा म्हणतील. तो माणूस खोटं कधी बोललाच नव्हता. खोटा तो कागद होता, मीटरवर चिकटवलेला.

तीनला दोन मिनिटं कमी असताना ती हॉलमध्ये शिरली.

सेमिनार चालवायचे ते मिनिटसर. टेबलावर घड्याळ ठेवून बसायचे, चाळीस मिनिटं म्हणजे चाळीस. आजोबा बोलायला उभे राहिले. सुरेख बोलले. आकडा आला तिथे मॅडमनी सांगितल्याप्रमाणे जरा थांबले. मागच्या बाकावरून कोणीतरी हलकेच शीळसुद्धा घातली. पहिल्या रांगेत हरकतदाराच्या खुर्चीवर भिंगरी नुसती चुळबुळत होती. पेनाचं टोपण काढ, लाव. पाय हलव. शेजारच्याने शेवटी तिचा गुडघा वहीने दाबला.

"हरकतदार," मिनिटसर म्हणाले.

पहिली हरकत तिने विचारली. आजोबांनी क्षणभर विचारात पडल्यासारखं केलं आणि उत्तर दिलं. दुसरी विचारली. दुसरीचंही उत्तर झालं. आजोबांनी तिसऱ्या उत्तराचं चित्र आधीच पडद्यावर लावून ठेवलं होतं, खर्चाचं. आणि तिच्याकडे बघून अगदी बारीक हसले, झालंच गं आता, अशासारखं.

"तिसरी," मिनिटसर म्हणाले.

"तिसरी हरकत..." तिने पेनाचं टोपण लावलं. "वहीप्रमाणे एका सिलिंडरमधून एकोणचाळीस किलो वायू वापरलाय. सिलिंडर तीस किलोचा असतो."

हॉल हसला. आजोबाही हसले, कारण त्यांना वाटलं ही आयत्या वेळी गंमत करतेय. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला.

"मीटर चुकीचा आहे," ती भराभरा बोलायला लागली, थांबले तर पुन्हा बोलता येणार नाही म्हणून. "तो नायट्रोजनवर तपासलेला आहे. कार्बन डायऑक्साइडसाठी शंभराचे चौऱ्याहत्तर धरायला हवेत. म्हणजे एकशे ऐंशीचे एकशे तेहतीस होतात. मीटर मी तपासला होता. अचूक असं मीच लिहिलं. यांची चूक नाही, माझी आहे. सगळी माझी आहे."

आता कोणीच हसेना. मॅडम उठल्या, तिच्या हातातला कागद घेतला, उभ्यानेच वाचला. मग म्हणाल्या, "बरोबर आहे." त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. आजोबा पडद्याशेजारी उभेच होते. पडद्यावर खर्चाचा तक्ता होता, कोणीही न विचारलेला.

मिनिटसरांनी निर्णय सांगितला. हरकत मान्य. सगळी मोजमापं पुन्हा करायची, दोन महिन्यांनी पुन्हा सेमिनार. दोन महिने म्हणजे नोकरी गेली, हे सगळ्यांना कळलं. आणि मग, देवाने त्यांना ही बुद्धी द्यायला नको होती, पण मिनिटसरांना एकदम भरून आलं.

"इतकी वर्षं मी या खुर्चीत बसतोय," ते म्हणाले, "ठरवून आणलेल्या हरकती ऐकतोय. मला काय कळत नाही? आज पहिल्यांदा खरी हरकत ऐकली. आणि हिने ती स्वतःवर घेतली. याला म्हणतात प्रामाणिकपणा!" त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग हॉलने वाजवल्या. भिंगरीला वाटलं जमीन फाटावी.

"केव्हा लक्षात आलं तुझ्या?" सरांनी कौतुकाने विचारलं. "आत्ता, भाषण ऐकताना?"

आजोबांनी मान वर केली.

हो म्हणणं किती सोपं होतं! सरांनी उत्तर आयतं हातात दिलं होतं. तिने हो म्हणायला तोंडही उघडलं.

"सकाळी," ती म्हणाली. "दहाला."

टाळ्या आपोआप विरल्या. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, उगाच. मग म्हणाले, "ठीक आहे. संपलं."

हॉल रिकामा व्हायला वेळ लागला नाही. अशा वेळी माणसं फार चटकन निघून जातात. आजोबा लॅपटॉपची वायर गुंडाळत होते. भिंगरी तिच्या खुर्चीशी उभी होती. वायर गुंडाळून झाली, त्यांनी ती उलगडली आणि परत गुंडाळायला घेतली.

"चहाला बसलो होतो आपण," ते म्हणाले. "तेव्हा कळलं होतं तुला?"

"हो."

"पोरीचा फोटो दाखवला तेव्हा?"

"हो. आजोबा, मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. चार वेळा..."

"पाच तास होते." ते रागावले असते, ओरडले असते, तर तिला सोसलं असतं. ते नेहमीच्याच आवाजात बोलत होते. "चूक होते गं. मी तरी कुठे तपासला मीटर? सात वर्षं शिकलेला माणूस मी, एका कागदावर विसंबलो. त्याचं काही नाही. पण मला सांगितलं असतंस ना, तर मी उभा राहिलो असतो आणि पहिल्या वाक्यातच सांगितलं असतं. माझ्या तोंडाने. निदान तेवढं तरी माझं राहिलं असतं."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आजोबांनी बॅगची चेन लावली, फोन चालू केला. तो लगेच वाजला. त्यांनी फोनवर बायकोचं नाव पाहिलं, वाजू दिला, वाजायचा थांबला.

"सिलिंडरमध्ये वायू आहे का?"

"अर्धा आहे."

"उद्या सकाळी सातला सुरू करतो."

"मीही येते," ती डोळे पुसत घाईघाईने म्हणाली. "रोज येईन. सगळ्या फेऱ्या आपण दोघं मिळून..."

फोन पुन्हा वाजायला लागला. आजोबांनी तो हातात धरला आणि दाराकडे वळले.

"ये," ते म्हणाले. "वह्या लिही. मीटरला मात्र हात लावू नकोस." मग फोन कानाला लावून, "हां, बोल," म्हणत ते बाहेर पडले.